लघुउद्योजक आणि माहितीचे पत्ते

वार्षिक अंकासाठी अर्थशास्त्राच्या वर्गातून एक तरी लेख यावा, असे सरांनी सांगितले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ‘भारतातील लघुउद्योगांच्या समस्या’ हे परीक्षेत हमखास येणारे उत्तर उभे राहिले. भांडवलाचा अभाव, कच्च्या मालाची टंचाई, विपणनाच्या अडचणी. प्रत्येकी दोन ओळी लिहिल्या की गुण मिळतात. ते उत्तर मी दोनदा लिहिले आहे. परंतु ज्या घरात राहून मी ते पाठ केले, त्याच घरात एक समस्या रोज जेवायला बसत होती आणि ती माझ्या उत्तरात कुठेच नव्हती. या लेखात तिच्याविषयी लिहिते.

आमच्या आप्पांचे उद्यमनगरात छोटे वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि तीन कामगार. फाउंड्रीतून आलेली कास्टिंग्ज मापात उतरवून द्यायची, म्हणजे जॉबवर्क. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या कारखान्याकडे त्यांचे १,८४,००० रुपये अडकले. आठ-नऊ महिने झाले तरी ‘पुढच्या आठवड्यात बघू’ यापलीकडे उत्तर नव्हते. दिवाळी तोंडावर आलेली. कामगारांचा बोनस आईच्या पाटल्या गहाण ठेवून दिला गेला. मी त्या वेळी दुसऱ्या वर्षाला होते आणि ‘खेळते भांडवल’ या संज्ञेची व्याख्या मला तोंडपाठ होती!

आप्पांचे सल्लागार म्हणजे त्यांचे जीएसटीचे विवरणपत्र भरून देणारे गृहस्थ. माणूस सज्जन आहे, पण ते म्हणाले, “धंद्यात असं चालायचंच. मोठ्या पार्टीशी वाकडं घेऊ नका.” हा सल्ला व्यवहाराचा होता, माहितीचा नव्हता, आणि हा फरक मला पुष्कळ उशिरा कळला.

एके दिवशी सरांनी वर्गात सहज उल्लेख केला की, लहान उद्योगांची थकबाकी मिळावी म्हणून एक कायदा आहे. तास संपल्यावर मी त्याचे नाव विचारून घेतले: सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६. सरकारच्या ‘इंडिया कोड’ या संकेतस्थळावर केंद्राचे कायदे मूळ स्वरूपात फुकट वाचायला मिळतात. तिथून तो घेतला आणि इंग्रजी शब्दकोश शेजारी ठेवून वाचला. आपण कला शाखेचे विद्यार्थी. कठीण मजकूर संयमाने वाचण्याची सवय एवढेच आपले भांडवल. ते इथे उपयोगी पडले.

त्यातली १५ ते २४ ही कलमे प्रत्येक लहान कारखानदाराने एकदा तरी वाचावीत. सूक्ष्म किंवा लघुउद्योगाकडून माल वा सेवा घेतली, तर ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे दिलेच पाहिजेत. आणि लेखी करार काहीही असला तरी ही मुदत ४५ दिवसांच्या पुढे जाऊ शकत नाही. करारच नसेल तर मुदत अवघी १५ दिवसांची. मुदत चुकली की कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागू होते. बँक रेट साडेसहा टक्के धरला तर हा दर साडेएकोणीस टक्के होतो. मी आप्पांच्या रकमेवर आठ महिन्यांचे व्याज काढून पाहिले, ते पंचवीस हजारांच्या वर गेले. आप्पांनी कागद हातात घेतला, चष्मा लावला आणि विचारले, “हे तुमच्या कॉलेजात शिकवत्यात व्हय?” मला ‘नाही’ म्हणावे लागले.

पण खरी मेख पुढेच आहे. हे दिवस मोजायचे कुठपासून? बिलाच्या तारखेपासून नव्हे, तर माल स्वीकारल्याच्या दिवसापासून. माल पोहोचल्यावर १५ दिवसांच्या आत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर पोहोचला तोच दिवस स्वीकृतीचा मानला जातो. याचा अर्थ, डिलिव्हरी चलानवर तारखेसह घेतलेली सही हा साऱ्या प्रकरणाचा पाया. आमच्या चलानांची फाईल मी काढली. एकूण सोळा चलाने. नऊंवर सही होती, पण तारीख फक्त चारांवर. बाकीच्यांवर गेटवरच्या माणसाने मारलेली एक रेघ! अमुक योजना, तमुक अनुदान यांच्या जाहिराती सगळीकडे दिसतात. पण चलानवर तारीख घ्या, एवढे साधे वाक्य आप्पांना तीस वर्षांत कोणी सांगितलेले नव्हते.

दुसरी गोष्ट नोंदणीची. या कलमांचा आधार घ्यायचा तर उद्योगाची नोंदणी हवी, आणि ती काम घेण्यापूर्वीची असावी; भांडण लागल्यावर केलेल्या नोंदणीचा भरवसा धरू नये. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी ‘उद्यम’ या नावाने होते. ती पूर्णतः विनाशुल्क आहे. आधार, पॅन आणि लागू असेल तर जीएसटी क्रमांक, एवढ्यावर काम होते. आप्पांनी ती २०२१ मध्येच केली होती हे आमचे नशीब, परंतु त्यासाठी सरकारीसारख्या दिसणाऱ्या एका खाजगी संकेतस्थळाला दीड हजार रुपये मोजले होते. ते ऐकून मला हसावे की रडावे कळेना. इथे एक खबरदारीची सूचना: निव्वळ दुकानदार व व्यापारी यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी खुली झाली खरी, पण ती बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरती. थकबाकीची ही कलमे त्यांच्या कामी येत नाहीत. आमच्या शेजारच्या हार्डवेअरवाल्या काकांना हे सांगताना मला वाईट वाटले.

पैसे मिळाले नाहीत तर राज्याच्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. त्यासाठी २०१७ मध्ये ‘समाधान’ नावाचे संकेतस्थळ निघाले, म्हणजे पहिला अर्ज घरबसल्या झाला. परिषद आधी समेट घडवू पाहते, न घडल्यास लवादाचा मार्ग. निकाल विरुद्ध गेला आणि खरेदीदाराला कोर्टात जायचे असेल, तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. कायद्यात ९० दिवसांत निवाडा लिहिला आहे. प्रत्यक्षात तेवढ्यात होईल या आशेवर कोणी बसू नये. २०२३ च्या वित्त कायद्याने याला आणखी एक चिमटा जोडला: सूक्ष्म वा लघुउद्योगाचे पैसे मुदतीत न दिल्यास खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षीच्या आयकरात वजा मिळणार नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळेल. माझ्या मते व्याजापेक्षा या चिमट्याला कारखान्यांचे हिशेबनीस अधिक भितात.

आता इतर पत्ते थोडक्यात. नवीन गिऱ्हाईक आले की त्याच्या बिलावरचा जीएसटी क्रमांक पाहावा. तो १५ अंक-अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७), पुढची दहा अक्षरे पॅनची. जीएसटीच्या संकेतस्थळावर हा क्रमांक घातला की नोंदणी चालू आहे की रद्द, आणि विवरणपत्रे भरली जात आहेत की नाहीत, हे कोणालाही दिसते. जो माणूस सहा-सहा महिने सरकारला विवरणपत्र देत नाही, तो आपल्याला पैसे वेळेवर देईल काय? हे मी आप्पांना मोबाईलवर करून दाखविले. तेव्हापासून त्यांचा तो संध्याकाळचा छंदच झाला आहे.

कर्ज आणि योजनांसाठी जिल्हा उद्योग केंद्र. ही केंद्रे १९७८ पासून आहेत, आणि पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमासारख्या योजनांची खरी माहिती तिथे टेबलावर मिळते. मात्र मोघम चौकशी केली तर मोघम उत्तर मिळते. प्रश्न कागदावर लिहून नेला तर समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढतो, असा माझा अनुभव. प्रशिक्षणासाठी महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र आहे. तारण नसलेल्यांच्या कर्जाला हमी देणारा निधी न्यास २००० साली स्थापन झाला. बँकेत त्याचे नाव आपणच काढावे लागते. आणि वाचायची आवड असेल त्यांनी करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन उद्योगविषयक मराठी मासिकांचे जुने अंक चाळावेत. योजना जुन्या झाल्या तरी हिशेब कसा ठेवावा हे जुने होत नाही.

आमच्या पैशांचे काय झाले, हे विचाराल. परिषदेकडे जायला आप्पा तयार झाले नाहीत. “पैसं मिळतील बाळ, पण काम जाईल,” एवढेच म्हणाले. या वाक्याला कोणत्याही कलमात उत्तर नाही, हे मला मान्य करावे लागले. शेवटी आम्ही साध्या मराठीत एक पत्र लिहिले. तक्रार नाही, धमकी नाही; चलानांची यादी, तारखा, उद्यम क्रमांक आणि ‘कलम १५ नुसार देय दिनांक’ असा एक रकाना. पत्र मालकांना नव्हे, तर हिशेब विभागाला पाठविले. तीन आठवड्यांनी एक लाख आले, मार्चअखेर उरलेले. व्याज मिळाले नाही, आम्ही मागितलेही नाही. पुढचे चार महिने त्या कारखान्याचे काम निम्म्यावर आले, मग हळूहळू पूर्ववत झाले. काम त्या पत्रामुळे घटले की मंदीमुळे, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

आईच्या पाटल्या एप्रिलमध्ये सुटल्या. आप्पांनी नवीन चलानबुके छापून घेतली आहेत. त्यांत सहीच्या खाली ‘दिनांक’ असा ठळक चौकोन आहे, आणि तो भरल्याशिवाय टेम्पोवाल्याने परत यायचे नाही, अशी ताकीद आहे.