दूरचित्रवाणीच्या चित्राची पारख

दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दिवसातून काही तासच होत असत, त्या काळी कार्यक्रमापूर्वी पडद्यावर एक स्थिर आकृती दाखविली जाई. अशा आकृतीत सामान्यतः एक वर्तुळ, निरनिराळ्या जाडीच्या रेषांचे गट आणि पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत उतरत जाणाऱ्या करड्या छटांच्या चौकटी असत. १९८२ साली भारतात रंगीत प्रक्षेपण सुरू झाल्यावर रंगांच्या उभ्या पट्ट्याही दिसू लागल्या. बहुतेक प्रेक्षक कार्यक्रमाची वाट पाहत या आकृतीकडे नुसते बघत बसत. परंतु ती एक कसोटी होती. वर्तुळ अंडाकृती दिसले तर चित्राचा आकार बिघडलेला आहे. बारीक रेषा एकमेकींत मिसळल्या तर चित्र अस्पष्ट आहे. काळ्याजवळच्या दोन चौकटी एकच भासल्या तर उजळपणाची योजना चुकली आहे, हे जाणकारास तिच्यावरून कळत असे.

आज प्रक्षेपण अहोरात्र चालते आणि ती आकृती घरच्या पडद्यावरून नाहीशी झाली आहे. नवा संच घेणाऱ्या कुटुंबाच्या हाती उरतो तो मुख्यतः खोक्यावर छापलेला एक आकडा. कित्येक घरांत संचासाठी अनेक महिन्यांची बचत खर्ची पडते आणि तो पुढे सात-आठ वर्षे तरी वापरावयाचा असतो. तेव्हा हा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

चित्रबिंदूंची संख्या

पडद्यावरील चित्र असंख्य सूक्ष्म ठिपक्यांचे बनलेले असते. या ठिपक्यांना चित्रबिंदू म्हणतात. दुकानात त्यांना पिक्सेल या नावाने ओळखतात. भारतातील जुनी प्रक्षेपणपद्धती ६२५ रेषांची होती आणि त्यांपैकी सुमारे ५७६ रेषांतच प्रत्यक्ष चित्र असे. ‘फुल एचडी’ संचात आडव्या ओळीत १९२० आणि उभ्या ओळीत १०८०, म्हणजे एकूण सुमारे २१ लाख चित्रबिंदू असतात. ‘४के’ अथवा ‘अल्ट्रा एचडी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या संचात ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख चित्रबिंदू असतात. संख्या चौपट झाली म्हणून चित्र चौपट चांगले झाले, असे मात्र नव्हे. त्याचे पहिले कारण आपल्या डोळ्यांत आहे.

निरोगी दृष्टीच्या माणसाला दोन ठिपके वेगळे ओळखता येण्यासाठी त्यांच्यामध्ये डोळ्याशी निदान एका कलेचा कोन व्हावा लागतो. एका अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला. साधारण ३.४ मीटर अंतरावरून एक मिलिमीटर लांबी पाहिली असता हा कोन होतो. आता ४३ इंचांचा, म्हणजे सुमारे १०९ सेंटिमीटर कर्णाचा संच घेऊ. त्याच्या पडद्याची रुंदी जवळजवळ ९५ सेंटिमीटर असते. त्यात १९२० चित्रबिंदू बसविले तर प्रत्येकाच्या वाट्यास अर्धा मिलिमीटर येतो. ३८४० बसविले तर पाव मिलिमीटर. पहिल्या प्रकारातील ठिपके सुमारे १.७ मीटरच्या पलीकडून एकमेकांत मिसळून जातात, दुसऱ्यातील सुमारे ८५ सेंटिमीटरच्या पलीकडून. याचा अर्थ असा की, पलंग किंवा खुर्ची पडद्यापासून अडीच मीटरवर असेल, तर या आकाराच्या संचावर फुल एचडी आणि ४के यांतील सूक्ष्मतेचा भेद सामान्य डोळ्याला जवळजवळ जाणवणारच नाही. पडदा ५५ इंचांचा असेल तर हीच मर्यादा सुमारे २.२ मीटरवर जाते. दुकानात ग्राहक पडद्यापासून हातभर अंतरावर उभा राहतो आणि तेथे हा भेद स्पष्ट दिसतो. घरी तो हातभर अंतरावर बसत नाही.

मूळ चित्रात तपशील किती?

दुसरे कारण पडद्याबाहेर आहे. संच आपल्याकडे आलेलेच चित्र दाखवितो. केबल अथवा छत्रीद्वारे येणाऱ्या अनेक वाहिन्या अजूनही प्रमाण स्पष्टतेच्या, म्हणजे ७२० गुणिले ५७६ चित्रबिंदूंच्या असतात. हा गुणाकार ४,१४,७२० होतो. ४के पडद्यावरील चित्रबिंदू याच्या बरोबर २० पट आहेत. यास्तव अशी वाहिनी लावली की दर २० चित्रबिंदूंपैकी १९ संचाला शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने भरावे लागतात.

हे अंदाजाचे काम संचातील गणकपट्टी करते आणि तिच्या गुणवत्तेत फार मोठा फरक असतो. चांगली पट्टी कडा ओळखून त्या नितळ ठेवते. हलकी पट्टी अक्षरांभोवती पांढरी झालर उमटविते, चेहऱ्यावरील त्वचा मेणासारखी गुळगुळीत करते, किंवा चित्राचे चौकोनी तुकडे अधिकच ठळक करते. दुकानात दाखविण्यात येणारी चित्रफीत मात्र मुळातच अत्यंत तपशीलवार असते: फुलांच्या पाकळ्या, पोपटाचे पंख, कापलेली फळे. तीत गणकपट्टीची परीक्षा होतच नाही.

काळा किती काळा?

चित्राच्या गुणवत्तेत सर्वांत अधिक महत्त्व असते ते छाया आणि प्रकाश यांतील तफावतीला. कमी किमतीचे बहुतेक संच द्रव स्फटिकांचे असतात. त्यांत पडद्यामागे एलईडी दिव्यांचा प्रकाश सतत तेवत असतो. त्याच्यापुढे दोन ध्रुवक काचपट्ट्यांच्या मध्ये द्रव स्फटिकांचा थर असतो; विजेच्या दाबानुसार हे स्फटिक वळतात आणि प्रकाशास कमी-अधिक वाट देतात. अडचण अशी की, वाट पूर्ण बंद केली तरी थोडा प्रकाश झिरपतोच. म्हणून रात्रीच्या दृश्यातील आकाश काळे न दिसता धुरकट करडे दिसते.

या झिरपण्याचे प्रमाण पटलाच्या प्रकारावर अवलंबून असते. ‘आयपीएस’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या पटलांत पांढरा हा काळ्याच्या सुमारे एक हजार पट तेजस्वी असतो. ‘व्हीए’ पटलांत हे गुणोत्तर बहुधा तीन ते पाच हजारांपर्यंत जाते. तेज कँडेला प्रति चौरस मीटर या एककात मोजतात. दुकानदार त्यालाच निट म्हणतात. पांढऱ्याचे तेज ३०० असेल, तर पहिल्या प्रकारात काळ्याचे तेज ०.३ उरते आणि दुसऱ्यात, गुणोत्तर पाच हजार धरल्यास, केवळ ०.०६. अंधाऱ्या खोलीत हा फरक ताबडतोब जाणवतो. तथापि प्रत्येक गुणाची काही किंमत मोजावी लागते. व्हीए पटल समोरून उत्तम दिसते, पण बाजूला बसणाऱ्यास त्यातील रंग फिके दिसतात. आयपीएस पटल बाजूनेही सारखेच दिसते, पण त्याचा काळा करडा असतो. दाटीवाटीच्या खोलीत दहा माणसे भिंतीलगत बसून पाहणार असतील तर पहिला दोष मोठा. रात्री दिवा मालवून दोघेच समोर बसून चित्रपट पाहणार असतील तर दुसरा मोठा. कोणते पटल चांगले, याचे उत्तर घरागणिक बदलते. ज्यांत प्रत्येक चित्रबिंदू स्वतःच प्रकाश देतो असे ‘ओलेड’ संच या दोन्ही अडचणींतून बऱ्याच अंशी सुटतात. पण त्यांची किंमत अद्याप सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची आहे.

तेजाचा दावा

खोक्यावर आणखी एक चिन्ह आढळते, ते म्हणजे ‘एचडीआर’चे. या पद्धतीत सूर्याची चकाकी, दिव्याची ज्योत, पाण्यावरील झळाळी हे भाग उर्वरित चित्राहून पुष्कळच तेजस्वी दाखविण्याचा हेतू असतो. साधे चित्र तयार करताना पांढऱ्याचे तेज सुमारे १०० निट गृहीत धरतात. एचडीआर चित्रे सामान्यतः १००० निटपर्यंतच्या तेजासाठी तयार केली जातात. स्वस्त संचाचे कमाल तेज बहुधा २५० ते ३५० निट असते. शिवाय पडद्यामागील दिवे निरनिराळ्या भागांत स्वतंत्रपणे मंद करण्याची सोय त्यात क्वचितच असते. असा संच एचडीआर चित्र स्वीकारतो, पण दाखवू शकत नाही. त्याला ते आपल्या कुवतीत दाबून बसवावे लागते आणि त्यामुळे चित्र कधी कधी साध्या चित्राहूनही काळवंडलेले दिसते. चिन्ह खरे असते. त्यावरून केलेली अपेक्षा तेवढी फोल ठरते.

रंगांच्या बाबतीतही असेच आहे. लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येकाच्या २५६ पायऱ्या धरल्या तर एकूण १ कोटी ६७ लाखांहून अधिक छटा होतात. हा आकडा मोठा वाटतो, तरी संध्याकाळच्या आकाशासारख्या हळूहळू बदलणाऱ्या रंगात पायऱ्यांच्या कडा पट्ट्यांसारख्या दिसू शकतात. प्रत्येक रंगाच्या १०२४ पायऱ्या हाताळणाऱ्या पटलात हे पट्टे फार कमी होतात.

हालचाल

स्थिर चित्रात उत्तम भासणारा संच क्रिकेटच्या सामन्यात निराशा करतो, असा अनुभव पुष्कळांना येतो. समजा, एखादी वस्तू पडद्याची संपूर्ण रुंदी दोन सेकंदांत ओलांडते. ४के पडद्यावर ती सेकंदाला १९२० चित्रबिंदू सरकते. संच सेकंदाला ५० चौकटी दाखवीत असेल, तर दर चौकटीगणिक ती सुमारे ३८ चित्रबिंदू पुढे जाते. डोळा मात्र तिच्यामागे अखंड फिरत असतो आणि चौकट आपल्या जागी स्थिर उभी असते. परिणामी वस्तू तेवढ्याच रुंदीने पुसटल्यासारखी दिसते. म्हणजे चेंडू सीमारेषेकडे धावत असताना ८३ लाख चित्रबिंदूंचा लाभ बहुतांशी वाया जातो.

ही पुसटता कमी करण्यासाठी काही संच दोन चौकटींच्या मध्ये स्वतः रचलेली चौकट घालतात. खेळात ते उपकारक ठरते. पण सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित झालेल्या चित्रपटास त्यामुळे एक कृत्रिम, घसरता वेग येतो. खोक्यावर हालचालीसंबंधी जे मोठाले आकडे दिलेले असतात, त्यांत पुष्कळदा अशा युक्त्यांचीही बेरीज केलेली असते. पटल सेकंदाला वस्तुतः किती वेळा बदलते, हाच विचारण्याचा प्रश्न आहे. स्वस्त संचात त्याचे उत्तर बहुधा ५० ते ६० असते.

दुकानातील परीक्षा

वरील विवेचनावरून एक गोष्ट ध्यानात येईल. चित्रबिंदू आता स्वस्त झाले आहेत. महाग राहिले आहे ते प्रकाशावरील नियंत्रण आणि चित्रावर संस्कार करणारी गणकपट्टी. किंमत उतरवावयाची झाली की काटछाट याच ठिकाणी होते आणि याच गोष्टी खोक्यावर लिहिलेल्या नसतात. त्या डोळ्यांनीच पारखाव्या लागतात. त्यासाठी यंत्रे लागत नाहीत. थोडी तयारी पुरते.

घरातून निघण्यापूर्वी बसण्याच्या जागेपासून पडद्यापर्यंतचे अंतर पावलांनी मोजावे आणि दुकानात तेवढ्याच पावलांवर उभे राहून चित्र पाहावे. एका पेन ड्राइव्हवर चार गोष्टी बरोबर न्याव्यात: ओळखीच्या माणसांची काही छायाचित्रे, रात्रीचे एखादे दृश्य, सर्वत्र एकसारखा करडा रंग असलेले एक चित्र आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत छटांच्या चौकटी असलेले दुसरे. दुकानात संच बहुधा भडक योजनेवर लावलेला असतो. त्यात पांढऱ्यावर निळी झाक असते आणि प्रखर दिव्यांखाली तीच नजरेत भरते. ती योजना बदलून चित्रपटासाठी असलेली योजना लावण्यास सांगावे. प्रथम चित्र पिवळट वाटेल, पण दोन-चार मिनिटांत डोळा रुळतो.

मग छायाचित्रांतील चेहरे पाहावेत. पोपटाचा हिरवा रंग कितपत खरा आहे हे कोणास ठाऊक नसते. आपल्या आईच्या चेहऱ्याचा वर्ण प्रत्येकास ठाऊक असतो. करड्या चित्रात डाग, ढगाळ भाग किंवा उजळलेले कोपरे दिसतात काय, ते पाहावे. हेच डाग पुढे क्रिकेटच्या हिरव्या मैदानावर फिरताना दिसतील. छटांच्या चौकटींत काळ्याजवळच्या दोन चौकटी वेगळ्या ओळखता येतात काय, हे तपासावे. रात्रीच्या दृश्यात काळ्या केसांमागे काळी भिंत वेगळी दिसली पाहिजे. दोन-तीन पावले बाजूला सरकून रंग किती उतरतो ते पाहावे. बातम्यांची वाहिनी लावून तळाशी सरकणारी अक्षरे वाचता येतात की फरफटतात, हे पाहावे. शेवटी प्रमाण स्पष्टतेची एखादी साधी वाहिनी लावण्याचा आग्रह धरावा. विक्रेता या मागणीस सहसा राजी नसतो, परंतु ज्या घरात रोज अशाच वाहिन्या पाहिल्या जातात, त्या घरासाठी हीच परीक्षा निर्णायक होय.

या सर्व कसोट्यांस पूर्णपणे उतरणारा स्वस्त संच मिळणार नाही. एकात काळा चांगला असेल तर दुसऱ्यात बाजूचे दृश्य. एकात खेळ बरा दिसेल तर दुसऱ्यात चेहरे. कोणता दोष आपल्या घरात कमी खुपेल, एवढाच निर्णय करावयाचा असतो. काही वेळा ४के संचाच्याच किमतीत अधिक चांगल्या पटलाचा फुल एचडी संच मिळतो. अडीच मीटरवर बसणाऱ्या कुटुंबाने लहान पडद्याच्या बाबतीत त्याचा मोकळ्या मनाने विचार करावा.

संच घरी आल्यावरही थोडे काम शिल्लक राहते. चित्रपटाची योजना कायम ठेवावी. ‘शार्पनेस’ची मात्रा जवळजवळ शून्यावर आणावी, कारण ती तपशील वाढवीत नाही, केवळ कडांना झालर लावते. पडद्यासमोर खिडकी येणार नाही अशी जागा निवडावी, कारण काचेवर पडलेल्या उजेडात उत्तम पटलाचा काळाही करडा होतो. नंतर पेन ड्राइव्हवरील छटांच्या चौकटी पुन्हा लावून, काळ्याजवळच्या दोन चौकटी जेमतेम वेगळ्या दिसतील इतका उजळपणा ठेवावा. कार्यक्रमापूर्वीची ती स्थिर आकृती पूर्वी हेच काम करीत असे; आता ते प्रेक्षकाने स्वतः करावयाचे आहे आणि त्यास एक पैसाही लागत नाही.