कारण म्हणजे माफी नव्हे

व्हिडिओ गेममधल्या क्रूर पात्राने सोसलेला छळ दाखवला, की 'त्याला माफ केलं' असा समज होतो. 'कॅरेक्टर आर्क' (कथेच्या ओघात पात्रात होणारा बदल) कारण दाखवतो, निवाडा वेगळा. छत कुठून गळतं हे कळल्याने भिजलेलं अंथरूण वाळत नाही, तसंच.

२०२३च्या 'बाल्डर्स गेट ३'मधला अस्टेरियन पाहा. कॅझाडोर या रक्तपिपासू मालकाने त्याला सुमारे २०० वर्षं गुलाम ठेवलं, त्याच्याकरवी माणसं फूस लावून आणवली. पुढे तळघरातल्या कोठड्यांत तीच माणसं त्याच्यासमोर येतात. मला हा प्रसंग सर्वांत प्रामाणिक वाटतो. या माणसांसह ७,००० जिवांचा बळी देऊन मालकाला मिळणारं सामर्थ्य अस्टेरियनने स्वतः घ्यायचं की नाकारायचं, यात खेळाडूचा शब्द निर्णायक ठरू शकतो. बळी दिला, तर अस्टेरियन दुसरा कॅझाडोर होतो.