विजेचा दर आणि गावचा धंदा

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात शेतकऱ्याचा मुलगा हाताशी आला, की घरोघरी एकच विचार सुरू होतो. मुंबईस चाकरीला जावे, की गावीच राहून स्वतःचा धंदा काढावा? भाताची गिरण, आंब्याचा रस, काजूगर ह्यांपैकी काहीही काढावयाचे झाले, तरी भांडवलाच्या खालोखाल विचार विजेचाच करावा लागतो.

विजेच्या देयकात दोन मुख्य रकमा असतात. एक वापरलेल्या विजेची व दुसरी स्थिर आकाराची. दुसरी रक्कम यंत्र बंद असले तरी चुकत नाही. समजा, स्थिर आकार दरमहा ५०० रुपये आहे. वर्षाचे ६,००० झाले. बारमाही गिरणीवर कामाच्या महिन्यास ५०० रुपयांचाच बोजा पडतो. परंतु दोन महिने चालणाऱ्या रसाच्या कारखान्यावर तो ३,००० होतो. 

ह्याच बोजाचे मोठे रूप आपल्या गुहागर तालुक्याने पाहिले आहे. दाभोळ वीज प्रकल्पाशी राज्य विद्युत मंडळाने १९९३ साली करार केला. त्यात वीज घेतली नाही, तरी क्षमतेचा आकार देणे मंडळावर बंधनकारक होते. १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि दर न परवडल्याने २००१ मध्ये बंद पडला. करार झाला त्या वेळी दर तपासणारा स्वतंत्र आयोग राज्यात नव्हता. १९९८ च्या केंद्रीय कायद्यान्वये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग १९९९ मध्ये स्थापन झाला. पुढे २००३ च्या विद्युत अधिनियमाने असे ठरविले, की दराचा अर्ज प्रसिद्ध करावा व लोकांच्या सूचना आणि हरकती विचारात घेऊनच आयोगाने निर्णय द्यावा.

म्हणून धंदा काढण्यापूर्वी आपला वर्ग कोणता, हे पाहून घ्यावे. आयोगाच्या दरपत्रकात शेतमालाचे शीतगृह ‘शेती-इतर’ वर्गात येते, तर भाताची गिरण औद्योगिक वर्गात. वर्ग चुकीचा लागल्यास देयक चढे येऊ शकते. देयकाविषयीची तक्रार ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे करावी. मूळ दराविषयीची हरकत मात्र आयोगाकडेच नोंदवावी.

महसुली दप्तरात आयुष्य घालविल्यामुळे एक गोष्ट अनुभवाने सांगतो. तोंडी गाऱ्हाण्यास दप्तरात जागा नसते आणि मुदत टळलेल्या अर्जास किंमत नसते. पुढील दराचा अर्ज प्रसिद्ध होईल, तेव्हा हंगामी धंदा करणाऱ्या सभासदांनी आपली वर्षभराची देयके जमवून, यंत्र किती महिने चालले व स्थिर आकार किती भरला ह्याचा तक्ता जोडून, सर्वांच्या वतीने एक लेखी हरकत मुदतीत पाठवावी. मुलाने गावी राहावे अशी इच्छा असेल, तर बापाने एवढा कागद लिहावयास हवा.