कण केवढा?

गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एक विक्रेता आला. म्हणाला, "ताई, नॅनो लोखंडाचा फिल्टर आहे, पाण्यातलं सगळं विष ओढून घेतो." बचतीतले पैसे काढण्याआधी आम्ही विचारलं, "दादा, कण केवढा?" त्याला सांगता आलं नाही. हा प्रश्न का विचारायचा, ते आज बोलूया.

पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात हातपंपाच्या पाण्यात आर्सेनिक, म्हणजे सोमल, येतं. लोखंडाच्या ऑक्साइडला ते चिकटतं. सुपारी जितकी बारीक कातराल तितकी तिची उघडी बाजू वाढते, तसंच कणाचं. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात व्हिकी कोल्विन बाईंच्या गटाने 2006 मध्ये 12 नॅनोमीटरचे कण वापरून दाखवले. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर. हे कण मोठ्या कणांपेक्षा कितीतरी जास्त आर्सेनिक धरतात, आणि साध्या चुंबकाने पाण्याबाहेर काढताही येतात.

पण सगळे कण एकाच मापाचे करायचे कसे? तूप आठवा. सावकाश थंड केलं तर मोठा रवा, झटकन थंड करून ढवळलं तर बारीक. इथेही आधी बीजकण तयार होतात, मग वाढतात. सगळी बीजं एकदम पडली, तर कण सारखे होतात. मागाहून नवी पडत राहिली, तर लहानमोठी खिचडी. म्हणून उष्णता आणि वेळ सांभाळावी लागते. उष्णता सुमारे 300 अंश, आपल्या भजीच्या तेलापेक्षा बरीच जास्त.

दुसरी गोष्ट, तेलाचा हात. पापडाच्या लाट्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून आपण तेल लावतो ना? तसं तेलातलं आम्ल कणाभोवती बसतं, कण चिकटू देत नाही, वाढही आवरतं. गंज किती आणि आम्ल किती, या प्रमाणावर माप बदलतं. आकारही त्यानेच बदलतो. कणाच्या ज्या बाजूवर आम्ल घट्ट बसतं ती बाजू हळू वाढते, म्हणून कधी गोल कण मिळतात, कधी चौकोनी ठोकळे. आम्हाला हे सगळ्यात नवलाचं वाटलं.

पुढे त्याच गटाने गंज, खाद्यतेल, व्हिनेगर आणि मोरी साफ करायची पावडर घेऊनही असे कण केले. पण बायांनो, घरी करून पाहू नका! कॉस्टिक आणि तापलेलं तेल, दोन्ही भाजतात.

आणि आपल्याकडचं काय? यवतमाळ, चंद्रपूरच्या कितीतरी गावांत त्रास फ्लोराइडचा आहे. आर्सेनिकसाठी केलेला कण तिथेही चालेल, असं धरून चालू नये. त्या विक्रेत्याने आमच्या पाण्याची तपासणीसुद्धा मागितली नव्हती. आम्ही पैसे दिले नाहीत. पाण्याची बाटली भरून तपासणीला पाठवली आहे, अहवाल आला की इथेच वाचून दाखवू.