मेथिसिलिनरोधी स्टॅफिलोकॉकस ऑरियस

मेथिसिलिनरोधी स्टॅफिलोकॉकस ऑरियस (संक्षिप्त नाव : एमआरएसए) हा स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूचा प्रतिजैविकांना दाद न देणारा प्रकार आहे. पेनिसिलीन, क्लॉक्सासिलीन, सेफॅलेक्सिन अशी नेहमीच्या वापरातील अनेक औषधे त्याच्यावर निष्प्रभ ठरतात. साध्या गळवापासून रक्तदोषापर्यंत अनेक आजार त्यामुळे होतात. एका जागतिक अभ्यासानुसार २०२१ मध्ये या जिवाणूच्या औषधरोधामुळे जगभरात सुमारे १ लाख ३० हजार मृत्यू झाले.

नाव व शोध

स्कॉटलंडमधील शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑग्स्टन यांना १८८० मध्ये गळवातील पुवात सूक्ष्मदर्शकाखाली गोलाकार जिवाणूंचे पुंजके दिसले. द्राक्षांचा घड आणि दाणा या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून त्यांनी ‘स्टॅफिलोकॉकस’ हे नाव तयार केले. जर्मन वैद्य फ्रिड्रिख रोझेनबाख यांनी १८८४ मध्ये सोनेरी वसाहती करणाऱ्या जातीला ‘ऑरियस’, म्हणजे सोनेरी, असे म्हटले.

आढळ व आजार

या जिवाणूचा व्यास सुमारे १ मायक्रोमीटर असतो. निरोगी माणसांपैकी जवळजवळ ३० टक्के लोकांच्या नाकपुड्यांत तो कोणताही त्रास न देता राहतो. त्वचेला जखम झाली किंवा शस्त्रक्रियेचा छेद, सलाईनची सुई अशी वाट मिळाली की तो आत शिरतो. केसतूड, गळू आणि काळपुळी ही त्याची परिचित रूपे होत. रक्तात पसरल्यास तो हाडे, फुप्फुसे आणि हृदयाच्या झडपा यांना ग्रासतो.

पेनिसिलीन आणि प्रतिकाराचा इतिहास

पेनिसिलिनचा शोध याच जिवाणूमुळे लागला. १९२८ मध्ये लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग स्टॅफिलोकॉकसची वाढ करत असलेल्या एका बशीत बुरशी आली आणि तिच्याभोवतालचे जिवाणू विरघळून गेले. १९४१ मध्ये ऑक्सफर्ड येथे अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला हे औषध टोचण्यात आले. त्याच्या शरीरात स्टॅफिलोकॉकस व स्ट्रेप्टोकॉकस यांचा संसर्ग पसरला होता. त्याला झपाट्याने उतार पडला. औषध इतके अपुरे होते, की त्याच्या लघवीतून ते पुन्हा वेगळे काढून वापरले गेले. अखेर साठा संपला आणि तो दगावला.

पुढे औषध मुबलक झाले, परंतु जिवाणू बदलला. १९४८ च्या सुमारास लंडनमधील एका रुग्णालयात सापडणाऱ्या स्टॅफिलोकॉकसपैकी निम्म्याहून अधिक जिवाणू पेनिसिलीनरोधी होते. अपुऱ्या मात्रेमुळे जिवाणू औषधाला सरावतील, असा इशारा फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानात दिला होता. त्यावर तोडगा म्हणून १९५९ मध्ये मेथिसिलीन आले; १९६१ मध्येच त्यालाही न जुमानणारे जिवाणू इंग्लंडमध्ये नोंदवले गेले. त्यानंतर व्हँकोमायसिन हा मोठा आधार राहिला; मात्र २००२ मध्ये अमेरिकेत त्याचाही पूर्ण प्रतिकार करणारा जिवाणू आढळला. मेथिसिलीन आज वापरात नाही, परंतु त्याचे नाव या जिवाणूला चिकटून राहिले आहे.

प्रतिकार कसा निर्माण होतो

‘शरीराला औषधाची सवय होते’ असे म्हटले जाते, ते बरोबर नाही. प्रतिकार रुग्णाच्या शरीरात नसून जिवाणूत असतो. पेनिसिलीन हे जिवाणूची पेशीभित्तिका बांधणाऱ्या प्रथिनांना चिकटून तिचे बांधकाम थांबवते. काही जिवाणू पेनिसिलिनेज हे विकर तयार करून औषधाचेच तुकडे करतात. एमआरएसएकडे ‘मेक-ए’ हे जनुक असते. त्यापासून तयार होणाऱ्या वेगळ्या प्रथिनाला औषध नीट चिकटत नाही, त्यामुळे भित्तिकेचे काम चालूच राहते.

औषध दिल्यावर संवेदनशील जिवाणू मरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत प्रतिकारक्षम जिवाणू वाढतात. म्हणून प्रतिजैविकाचा प्रत्येक अनावश्यक वापर या निवडीला हातभार लावतो.

महाराष्ट्र व भारत

भारतातील पेनिसिलीन उत्पादनाचा इतिहास महाराष्ट्राशी जोडलेला आहे. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये पुण्याजवळील पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि १९५५ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले. परदेशांतील रुग्णालयांत प्रतिकार फैलावला असतानाच भारतात हे औषध सर्वसामान्यांच्या आवाक्यात येऊ लागले होते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या जाळ्यातील मोठ्या रुग्णालयांत अलीकडच्या वर्षांत स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या नमुन्यांपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास नमुने मेथिसिलीनरोधी आढळले आहेत. २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ अनुसूचीनुसार त्यातील प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद औषध दुकानदाराने ठेवणे बंधनकारक आहे.

धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) हा मराठवाड्यातील अवर्षणप्रवण जिल्हा आहे. बेभरवशाच्या पावसामुळे येथे शेतीला पशुपालनाची जोड महत्त्वाची ठरते. उस्मानाबादी शेळी याच भागातील, तर भूम परिसर खव्यासाठी आणि कुंथलगिरी पेढ्यासाठी प्रसिद्ध आहे. या दोन्ही व्यवसायांशी स्टॅफिलोकॉकसचा संबंध येतो.

गाई, म्हशी व शेळ्यांना होणाऱ्या कासदाहाचे (शेतकऱ्यांच्या बोलीत ‘दगडी’) हा जिवाणू एक प्रमुख कारण आहे. पशुवैद्यकाला न विचारता दिलेल्या अर्धवट औषधाने आजार दबतो, परंतु कासेत उरलेले जिवाणू टिकून राहतात. उपचारानंतर ठरावीक दिवस दूध विक्रीस न काढणे आवश्यक असते. धारेपूर्वी व धारेनंतर सड स्वच्छ करणे आणि आजारी जनावराची धार शेवटी काढणे हे बिनखर्चाचे उपाय आहेत.

खव्याचा प्रश्न निराळा आहे. दूध आटवताना जिवाणू मरतात. परंतु हातावर गळू किंवा पिकलेली जखम असलेल्या व्यक्तीने तयार खवा हाताळला आणि तो उबदार जागी राहिला, तर जिवाणू पुन्हा वाढून विष तयार करतात. हे विष उष्णतेने सहजी नष्ट होत नाही, त्यामुळे खवा पुन्हा गरम करून धोका टळत नाही. खाल्ल्यानंतर काही तासांतच उलट्या सुरू होतात. हा त्रास विषाचा असल्याने त्यावर प्रतिजैविके लागत नाहीत. शरीरातील पाण्याची भरपाई महत्त्वाची असते.

निदान, उपचार व प्रतिबंध

पू किंवा रक्ताच्या नमुन्यातून जिवाणू वाढवून कोणते औषध लागू पडेल हे संवेदनशीलता चाचणीने ठरवतात. गळवाचा मुख्य उपचार म्हणजे डॉक्टरांकडून पूचा निचरा करून घेणे. ते घरी पिळू नये. गंभीर संसर्गात व्हँकोमायसिन, लिनेझोलिड, डॅप्टोमायसिन यांसारखी औषधे रुग्णालयात देतात.

रुग्णालयात एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे हा जिवाणू मुख्यतः हातांवाटे जातो. म्हणून प्रत्येक तपासणीपूर्वी व नंतर हात धुणे हा सर्वांत प्रभावी प्रतिबंध आहे. घरात टॉवेल व वस्तरा सामायिक न वापरणे आणि जखम झाकून ठेवणे उपयुक्त असते. सर्दी-पडशासारख्या विषाणुजन्य आजारांत प्रतिजैविके निरुपयोगी असतात. डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा व कालावधी पाळावा, तसेच उरलेल्या गोळ्या दुसऱ्या आजारासाठी वापरू नयेत.