आधार पुन्हा दाखवा

आमच्या आत्या गारगोटीच्या. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे कुरकुरणारे, मधुमेह पंधरा वर्षांचा, बाकी प्रकृती ठणठणीत. गारगोटी-कोल्हापूर हा पन्नासेक किलोमीटरचा रस्ता त्यांच्या पायाखालचा. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला, तेव्हापासून आधार कार्ड त्यांच्या बटव्यात कायमचे मुक्कामाला आले. कंडक्टर येतो, कार्ड पाहतो, शून्य रकमेचे तिकीट हाती देतो आणि पुढे सरकतो. एकदा दाखवले की काम संपले.

गेल्या उन्हाळ्यात मुलाकडे जाण्यासाठी त्या प्रथमच एकट्या विमानाने निघाल्या. तिकीट मी काढले होते. माहेरी आम्ही सारे ज्या नावाने त्यांना ओळखतो, तेच नाव मी तिकिटावर घातले. लग्नात त्यांचे नाव बदलले होते आणि आधारवर सासरचे नाव होते, हे मला विमानतळाच्या दारात जवान कार्डाकडे आणि तिकिटाकडे आळीपाळीने पाहू लागला तेव्हा आठवले. जवानाचे काहीच चुकले नव्हते. जुने तिकीट रद्द करून त्याच विमानाचे नवे तिकीट काढण्यात जवळजवळ एक तास गेला आणि तो सारा वेळ आत्या उभ्या होत्या.

त्या आत गेल्या आणि मी काचेबाहेर राहिलो. पुढे काय घडले ते नंतर कळले. विमान कंपनीच्या काउंटरवर पुन्हा आधार, सुरक्षा तपासणीपूर्वी पुन्हा कागद, विमानात चढण्याच्या गेटवर पुन्हा तेच. ‘‘मला काय चोर समजतात का रे?’’ असे त्यांनी मला फोनवर विचारले, तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. मला तो संताप वाटला. प्रत्यक्षात त्यांची साखर उतरली होती. पहाटे चार वाजता गोळी घेतलेली, सोबतचा भाकरीचा डबा काउंटरवर सोपवलेल्या बॅगेत गेलेला आणि तपासणीच्या धास्तीने पाण्याचा घोटही घेतलेला नाही. शेजारच्या आसनावरील एका बाईंनी त्यांचा घाम पाहून साखरेचा चहा पाजला, म्हणून पुढचे निभावले.

वाचकहो, ही तपासणी इतक्या वेळा का होते, हे आपल्या घरातील ज्येष्ठांना प्रवासापूर्वीच समजावून सांगावे. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेल्या आपल्या विमानाचे अपहरण होऊन ते कंदाहारला नेले गेले. त्यानंतर २००० साली जयपूरपासून सुरुवात करून विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवण्यात आली. आज प्रत्येक टप्प्यावर कागद तोच मागितला जात असला, तरी त्यामागील प्रश्न निराळा असतो. आजचे तिकीट असलेलाच माणूस इमारतीत शिरतो आहे ना, हे दारातला जवान पाहतो. तिकीट ज्याचे, बोर्डिंग पासही त्याच्याच हाती जातो ना, हे काउंटरवर पाहिले जाते. सुरक्षा तपासणीत अंगझडती झाल्याची नोंद होते आणि तपासलेला माणूस योग्य विमानात चढतो की नाही, हे गेटवरचा कर्मचारी पाहतो. काही ठिकाणी विमानाच्या शिडीपाशीही पास पाहतात. एकाचा दुसऱ्यावर विश्वास नसावा, अशीच ही व्यवस्था मुद्दाम आखलेली आहे. संशय कोणा एका व्यक्तीवर नसतो, हे आधी ठाऊक असले की अपमानाची टोचणी पुष्कळ कमी होते.

शरीराला मात्र या कारणमीमांसेशी कर्तव्य नसते. रांगेत निश्चल उभे राहिले की रक्त पायांत साचते आणि मेंदूकडे जाणारा पुरवठा क्षणभर घटतो. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना अशा वेळी भोवळ येण्याचा संभव अधिक. रांगेत टाचा वर-खाली करीत राहावे, पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात. वारंवार स्वच्छतागृहात जावे लागेल म्हणून अनेक ज्येष्ठ पाणी पिणे टाळतात, काहीजण गोळीच बुडवतात. दोन्ही गोष्टी घातक आहेत. गोळीची वेळ बदलायची असल्यास ती डॉक्टरांना विचारूनच बदलावी.

मधुमेहींनी औषधे, इन्सुलिन, थोडी साखर आणि कोरडा खाऊ हातातील पिशवीतच ठेवावा. सामानकक्षात इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकते. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असावी. थरथर, घाम, चिडचिड किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर तो स्वभावाचा दोष समजू नये. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी आणि बरे वाटल्यावर थोडे खायला द्यावे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडाने काहीही न देता तातडीने वैद्यकीय मदत मागावी. (खाऊच्या पिशवीतून अडकित्ता मात्र आठवणीने काढावा. धारदार वस्तू म्हणून तो आत नेता येत नाही, आणि सासूबाईंकडून मिळालेला अडकित्ता तपासनीसाच्या टोपलीत पडताना पाहणे फार क्लेशकारक असते.)

पेसमेकर असलेल्यांनी त्याचे कार्ड आधारसोबत ठेवावे आणि ते आधीच दाखवावे. धातुशोधक चौकटीतून नेहमीच्या चालीने जाण्यास सहसा हरकत नसते, पण तेथे रेंगाळू नये. हातातील यंत्र छातीवर फार वेळ धरू नये, अशी विनंती करावी. बदललेल्या गुडघ्यामुळे यंत्र वाजले तर घाबरून जाऊ नये, शस्त्रक्रियेची चिठ्ठी दाखवावी. स्त्रियांची झडती पडद्याआड स्त्री कर्मचारीच घेते, हेही आजींना आधी सांगून ठेवावे. श्रवणयंत्र काढून ठेवू नये. प्रश्न ऐकूच न आल्यामुळे कर्मचाऱ्याचा आवाज चढतो आणि आपल्याला रागावले असा समज होतो.

आता चाकाच्या खुर्चीविषयी. तिकीट काढतानाच, निदान प्रवासाच्या ४८ तास आधी, विमान कंपनीकडे तिची मागणी नोंदवावी. खुर्ची ढकलणारा मदतनीस प्रत्येक तपासणीतून सोबत नेतो. ‘मी काय अपंग आहे?’ म्हणून ती नाकारणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईस उतरलेल्या एका वृद्ध दांपत्याला दोनऐवजी एकच खुर्ची मिळाली. पत्नीला तीत बसवून ऐंशी वर्षांचे गृहस्थ पारपत्र तपासणीच्या दिशेने चालत निघाले, वाटेत कोसळले आणि दगावले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या कंपनीस ३० लाख रुपयांचा दंड केला. म्हणून दोघांचा प्रवास असेल तर दोघांसाठी स्वतंत्र खुर्च्या नोंदवाव्यात आणि दुसरी येईपर्यंत थांबण्यात संकोच मानू नये.

विस्मरणाचा विकार असलेल्यांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. आत्ताच कार्ड दाखवल्याचे त्यांना आठवत नाही, किंवा तेवढेच पक्के आठवते आणि पुन्हा दाखवण्यास ते ठाम नकार देतात. अशा ज्येष्ठांना एकटे पाठवू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. बंगळूरच्या विमानतळावर न दिसणाऱ्या व्याधी असलेल्यांसाठी सूर्यफुलांचे चित्र असलेली हिरवी फीत मिळते. ती गळ्यात असली की कर्मचारी घाई न करता बोलतात. इतरत्र निदान आजाराची चिठ्ठी काळजीवाहकाच्या हाती तयार असावी.

चेहरा दाखवून प्रवेश देणारी ‘डिजी यात्रा’ डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली आणि पुढे पुण्या-मुंबईतही आली. ती ऐच्छिक आहे. स्मार्टफोन हाताळण्याची सवय असेल त्यांनी ती जरूर वापरावी; इतरांनी कागदावरच भरवसा ठेवावा. घरून बोर्डिंग पास फोनवर काढला असला, तरी काउंटरवरून छापील पास मागून घ्यावा.

आत्यांच्या परतीच्या प्रवासापूर्वी आम्ही शहाणे झालो होतो. या वेळी तिकीट आधार समोर ठेवून, त्यावरील नाव अक्षर न् अक्षर तपासून काढले. तिकिटाची मोठ्या अक्षरांतील प्रत, आधार, औषधांची यादी आणि मुलाचा फोन क्रमांक गळ्यात अडकवण्याच्या पारदर्शक पिशवीत घातला. सुरक्षा तपासणीत हातातली पिशवी यंत्रातून जाते आणि कागद तिच्यात असतील तर नेमके तेव्हाच माणूस कागदांविना उभा राहतो. म्हणून ‘पास हातातच ठेवायचा’ हे त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतले. आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर नातू जवान झाला, सून काउंटरवर बसली आणि आत्यांनी चार वेळा आधार दाखवले. चौथ्या वेळी त्या हसू लागल्या.

दुसऱ्या दिवशी उजळाईवाडीला उतरून बाहेर आल्या तेव्हा पिशवी गळ्यातच होती. गारगोटीला नेण्यासाठी गाडी उभी होती. दार उघडताच त्यांनी चालकापुढे आधार धरले.