सर्पगंधा गुण देते, म्हणूनच जपून

बीपीची गोळी सुरू झाली की घरात पहिला प्रश्न येतो, ‘ताई, ही जन्मभर घ्यायची? झाडपाल्याचं काही नाही का?’ पारनेरच्या वस्त्यांमध्ये हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो.

झाडपाल्याला हसण्याचं कारण नाही. रक्तदाब खरोखर उतरवणारी एक मुळी आपल्या देशात आहे, सर्पगंधा. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती ५० रुग्णांना देऊन पाहिली आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष छापले. मग जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं आणि त्याच्या गोळ्या झाल्या.

त्या वापरताना दुसरी बाजूही दिसली. नाक चोंदतं, नाडी मंद होते, मोठ्या मात्रेत काहींचं मन फार उदास होतं. म्हणून आज डॉक्टर आधी दुसरी औषधं देतात. दाब उतरवण्याची ताकद आहे तिथे अपायाची ताकदही आहे, मग ती मुळीत असो की गोळीत. फरक इतकाच, की गोळीत मात्रा मोजलेली असते. बाजारातल्या पुडीत किती आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. गोळीवर अशी पुडी घेतली तर दाब एकदम खाली जाऊन चक्कर येऊ शकते.

लसणाने दाब थोडा उतरतो. जेवणात जरूर खा, पण गोळीच्या जागी नको. ज्येष्ठमध उलट आहे, रोज बरेच दिवस घेतलं तर दाब वाढतो. सैंधव हे मीठच, नाव बदललं म्हणून सोडियम जात नाही. ‘कमी सोडियम’वाल्या मिठात पोटॅशियम असतं, ते किडनीच्या रुग्णांना घातक ठरू शकतं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका.

खरा फायदा मीठ कमी करण्यात आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत. माणशी दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा, त्यातच खरडा, लोणचं, पापड, सुकट सगळं आलं. सुकट भिजवून ते पाणी फेकून द्या.

दाब १४०/९० च्या खाली आला म्हणून गोळी सोडू नका, तो गोळीनेच आला आहे. आणि पुडी घेत असाल तर लपवू नका. ग्रामीण रुग्णालयात गोळ्या आणायला जाल तेव्हा ती सोबत न्या आणि डॉक्टरांना दाखवा.